आबा, वरकसाला किंमत आली

आबा, तुमच्या टेपाडावरच्या वरकस जमिनीला किंमत आली. ज्या उतारावर नाचणीसुद्धा रुसून उगवायची, जो विकत घेतलात म्हणून अख्ख्या बेडसे गावात तुमची टिंगल झाली, तो उतार मी या उन्हाळ्यात कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोटाने गोल गोल फिरवून पाहिला. खालची भातखाचरं, मधला ओढा, वरचा कातळ, सगळं उंचसखल जसंच्या तसं, दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात तसं. तुम्ही असतात तर चष्मा पुसून पुन्हा पाहिलं असतंत.

झालं असं, की जमिनीचे वाटे करायचं धाकट्याने मनावर घेतलं. मी म्हटलं, मी लोणावळ्यात सुखाने नांदतेय, माझं काय अडलंय, हक्कसोडीवर सही करून टाकते. तर भाकरी मोडता मोडता तुमचा लेक म्हणतो, “तू सही करून मोकळी व्हशील आक्का, मग मी बांधावरून भांडू कुणाशी?” वर म्हणाला, थोरली तू आहेस, वाटे तू पाडायचे, उचलणार मी, ही आबांची रीत. लेकीने वाटे पाडायचे, हे गावात कुणी ऐकलं होतं? मला तर गुळाचा दिवस आठवला. मी चुलीपुढे बसून खडा फोडतेय, तो वेडावाकडा फुटतो, धाकटा मोठा तुकडा उचलून पळतो आणि मी भोकाड पसरते. तुम्ही गोठ्यातून आलात आणि हसून म्हणालात, “वाटे पाडील त्यानं मागनं घ्यायचं. मग हात आपसूक सरळ चालतो.”

पण गूळ फोडणं सोपं होतं हो. खाचरं मोठी आणि पाण्याची, वरकस लहान आणि खडकाळ. मात्र तिथून पवना धरणाचं पाणी दिसतं, आणि हल्ली लोक नुसत्या दिसण्याचेही पैसे देतात. दोन्हीची बरोबरी लावायची कशी? म्हणून पुण्याहून जमिनीची किंमत ठरवणारी एक मॅडम बोलावली. माझ्या नातीच्या वयाची. तिने ड्रोन उडवला, तो भुंग्यासारखा घोंगावत सगळं शिवार टिपून आला, आणि त्याच्यावरून तिने ते मातीच्या किल्ल्यासारखं चित्र केलं. सपाट नकाशाला चढउतार कळत नाही, आजी, असं म्हणत तिने मला सगळं दाखवलं: ऊन कुठे टिकतं, पाणी कुठून धावतं, कुठे उभं राहिलं की काय दिसतं. मी इतकं विचारत सुटले की तिचा चहा गार झाला. एक गंमत मात्र झाली. खळ्यातली पेंढ्याची गंजी मशिनीने घर समजून तिचीही किंमत लावली. धाकटा गंभीर तोंडाने म्हणाला, “घरपट्टी म्हशीच्या नावाव पाठवा, मॅडम. त्या घराला तीच आतनं खाती.” पोरगी हसून हसून वाकली, मग तिने ते दुरुस्त केलं.

मग तिने पडद्यावरची वाट्याची रेघ माझ्या हाती दिली; ती सरकेल तशी दोन्ही वाट्यांची किंमत बदलायची. मी ती वर सरकवली, खाली ओढली, शेवटी दोन्हीकडची किंमत सारखी झाली. आता खरं सांगायचं तर आबा, मला वरकस हवं होतं. शेळ्या राखताना पुडीच्या कागदांवरची अक्षरं जुळवत मी तिथेच वाचायला शिकले. पण वाटे पाडणाऱ्याने मन दाखवायचं नसतं. बंगलेवाले वरच्या तुकड्यासाठी धाकट्याच्या मागे लागलेले, तो तेच उचलणार हे मी धरूनच चालले होते. त्याने चित्र इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, कान खाजवला. मी ओढ्याकडे बघत राहिले.

“खालचं माजं,” तो म्हणाला. “इंद्रायणी भात काय कातळाव लावू व्हय? आन वर शेळ्या घिऊन तूच पळायचीस. मला कवा न्हेलं न्हाईस.”

मी पदराने तोंड पुसायला लागले. मॅडमला वाटलं मला ऊन लागलं, तिने पाण्याची बाटली पुढे केली. मी ती सगळी पिऊन टाकली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून वरकसावर बसून लिहितेय आणि इथेच वाचून दाखवीन म्हणते. एक गोष्ट मात्र मॅडमला सांगितलेली नाही. या तुकड्याची सगळी किंमत तिने पवनेच्या बाजूने धरली. मी सतरंजी टाकते ती पाण्याकडे पाठ करून. या बाजूने खाली आपली खाचरं दिसतात, रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजणारा धाकटा दिसतो, आणि हाक मारली तर त्याला ऐकू जाते. चित्रात ते कुठे धरलेलं नव्हतं आणि मीही बोलले नाही. बोलले असते, तर रेघ पुन्हा सरकवावी लागली असती.