मॉनिटरवर पिकलेली फणी

जळगाव,
सोमवार, ता. ९ मार्च १९९८

तीर्थस्वरूप अभिमननाना यांस,

तुमच्या दोन्ही पायांना वेगवेगळा नमस्कार. मामींचा गुडघा (उजवा, मागच्या पत्रात चुकून डावा लिहिला, क्षमा असावी) आता कसा आहे? मी इकडे बरा आहे, झोप सोडून.

बारावी नापास माणसाला कॉम्प्युटरच्या दुकानात काम तरी काय, असे तुम्ही विचारले होते. सांगतो. आमचे सर केळीचे व्यापारी दलिचंद सेठ यांच्या पेढीसाठी प्रोग्राम करत आहेत. पेढीवर इंग्रजी कोणी वाचत नाही, म्हणून पडद्यावर चित्रे ठेवली आहेत (त्यांना आयकॉन म्हणतात). केळ्यावर माऊस दाबला की रवाना झालेला माल, ट्रकवर दाबला की गाड्या. जुन्या पडद्यावर सगळे झकास दिसे. पण सेठनी नवा सतरा इंची मॉनिटर आणला. त्याचे ठिपके इतके बारीक आणि इतके जास्त, की तेच केळे मसुरीच्या डाळीएवढे झाले. मोठे करावे तर कडेला पायऱ्या पडतात (मोजल्या, अकरा). म्हणून प्रत्येक चित्र नव्या पडद्यावर तपासायचे, पायऱ्या बुजवायच्या, रंग जुळवायचा, हे काम माझ्याकडे आले. सेठना चित्रे पटली तर मी कायम, नाही तर घरी, असे सर म्हणाले. ते हसत म्हणाले, पण मी हसलो नाही.

रंग अंदाजाने कशाला द्यावा, म्हणून तुम्ही मंगळवारी पाठवलेली केळ्यांची हिरवीगार फणी मी मॉनिटरच्या डोक्यावर ठेवली. समोर खरे केळे, खाली चित्रातले. हुबेहूब जुळवले. बुधवारी सकाळी बघतो तर चित्र थोडे जास्त हिरवे! माझीच नजर चुकली म्हणून रंग सुधारला. गुरुवारी पुन्हा चूक, पुन्हा सुधारला. शुक्रवारी तर बाराही केळी मी एकेक करून जुळवली आणि वहीत लिहिले, "आता तंतोतंत." (नाना, मॉनिटर दिवसभर तापतो, भट्टीच म्हणा. हे मला कोणी सांगितले नव्हते.)

शनिवारी सेठ आले. सोबत त्यांचा माल पारखणारा कौतिकभाऊ. पडद्यावर एवढे मोठे, स्वच्छ, एकही पायरी नसलेले पिवळेधमक केळे पाहून कौतिकभाऊने कपाळावर हात मारला. "सेठ, हाई ते बठ्ठं पिकी गयं ना भो!"

जळगावच्या व्यापाऱ्याला गाडी भरण्याआधी सगळे पिकलेले पिवळे केळे दाखवणे म्हणजे माल वाटेतच सडणार असे सांगणे, हे मी तुम्हाला काय सांगावे. सेठ खुर्चीतून उठले. सर माझ्याकडे बघू लागले. मी वरच्या फणीकडे बघितले आणि मला सगळा उलगडा झाला. सेठ पडद्याजवळ वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

"अरे, याच्यावरचे डागसुद्धा मोजता येतात माणसाला," ते म्हणाले. "हे असंच राहू दे. हे नुकसानीचं बटण. मालाला दुसरं हिरवं काढ. पेढीवर कोणाला शिकवायची गरज नाही, बघूनच छातीत धस्स होतं."

सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कौतिकभाऊने फणी खाल्ली. मी दोनदा जिना उतरलो आणि दोनदा चढलो, उगाचच.

तुमचा नम्र भाचा,
लोटन

ता. क. सेठना नुकसानीची आणखी तीन चित्रे गुरुवारपर्यंत हवीत: करपा, वाऱ्याने पडलेला घड आणि उन्हाने भाजलेला. ती पटली की माझ्या कायम नोकरीची ऑर्डर हातात. तरी तुमच्या बागेतला सर्वांत वाईट माल पाठवावा. तुमच्या बागेत वाईट काहीच नसते हे मी जाणतो, तरीही शोधावा.

ता. क. दुसरा. फणी मंगळवारचीच हे कळल्यावर, चार दिवसांत पिकणारा माल कुणाचा, असे सेठनी जाताना कपाळाला आठी घालून विचारले. मी तुमचे पूर्ण नाव, गाव, तालुका सांगितला. मॉनिटर तापतो हे सांगायचे राहिले. बुधवारी ते चोपड्याला तुमची बाग बघायला निघणार आहेत. म्हणून हे पत्र टपालात न टाकता एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ देत आहे. तर वाईट माल त्यांच्याच जीपमध्ये ठेवून दिला तर बरे, म्हणजे तो गुरुवारच्या आत पोचेल.