बायकांच्या कनातीतली किंकाळी

मु. गोंदिया, जि. भंडारा
ता. १५ नोव्हेंबर १९५४

तीर्थरूप शामलालदादास,

तुमच्या देवकाचा वाकून नमस्कार. इकडे सारं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. वहिनीचा खोकला थांबला का? धान कापून झालं असेल. निर्मलाला म्हणावं, लग्न ठरलं म्हणून उन्हात हिंडायचं सोडू नकोस, पुढं ऊन मिळेलच असं नाही.

भाऊबीजेला तुम्ही न्यायला आला नाहीत, त्याचा राग नाही. तुमचं कार्ड मिळालं. कोहमाऱ्याचे पाहुणे निर्मलाला पसंत करून गेलेत, अशात तिच्या बहिणीला भुतानं धरलंय हे त्यांच्या कानावर जायला नको, गवगवा निवला की बघू, असं तुम्ही लिहिलंत. बरोबरच आहे. तुमच्या जागी मी असते तर असंच लिहिलं असतं. नसतं लिहिलं, पण ते राहू द्या.

गवगवा तुम्ही भलत्यांच्या तोंडून ऐकलात. आता माझ्याकडून ऐका.

दसऱ्यानंतर यांच्या तंबू टॉकीजमध्ये एक भुताचा हिंदी सिनेमा लागला. यांनी मोठ्या हौसेनं आणला आणि पहिल्याच दिवशी डोक्याला हात लावला. कारण त्यात भूत दिसतच नाही. धुकं आहे, हवेली आहे आणि हवेलीत एकटी राहणारी एक बाई आहे. ती बंद दाराकडे बघत बसते. कितीतरी वेळ नुसतं दार दिसतं, गाणं नाही, बोलणं नाही. मग बाहेरून कोणीतरी कडी सरकवल्याचा आवाज येतो. बस.

नागपूरच्या एका पेपरात छापून आलं होतं की दिग्दर्शकानं धुकं पुष्कळ सोडलं, पण त्यातून बाहेर काही आलं नाही. बंद दाराला भिणारा प्रेक्षक अजून जन्माला यायचा आहे. गोंदियाच्या लोकांनी पेपर न वाचताच तसंच ठरवलं. राइस मिलची माणसं ओरडायची, "अरे भूत लाओ, भूत!" एकानं तर मशीनच्या उजेडासमोर गमछा नाचवला, तेवढ्याच सावलीला टाळ्या पडल्या. बायकांची कनात तर ओसच. तंबू भरलेला दिसावा म्हणून यांनी आम्हाला नेलं, मला, सासूबाईंना आणि शेजारच्या सुशिलाबाईंना.

दादा, लग्नानंतर पहिल्यांदा मी यांचा तंबू आतून बघत होते.

ते दार आलं. सुशिलाबाई जांभई देत होत्या. मग कडी सरकली आणि मी ओरडले. किती ओरडले मला ठाऊक नाही. शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई माझ्या तोंडावर पाणी मारत होत्या, पलीकडून पुरुष कनात वर करून बघत होते आणि हे दारात उभे होते. यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. काहीतरी सुचलेलं माणूस असतं ना, तसे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी टांग्यावरचा भोंगा गावभर फिरला, "गोंदियाची बाई बेहोश! कमजोर दिलवाले ना आएँ!" झालं. कमजोर दिलवाले सोडून सगळं गाव आलं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी आलेली खेड्यापाड्यांची माणसं बैलबंड्या घेऊन आली. ज्यांनी गमछ्याला टाळ्या पिटल्या तेच आता दार आलं की एकमेकांना धरून बसायचे. त्याच नागपूरच्या पेपरानं पुन्हा लिहिलं की दिग्दर्शकाचा संयम वाखाणण्याजोगा आहे. सिनेमात काही बदललं नव्हतं. फक्त मी ओरडले होते.

आणि मग यांनी मला रोज नेऊन बसवायला सुरुवात केली. "दाराचा सीन आला का चिल्लायचं. कालच्यासारखं, जोरसे." मी नाही म्हटलं तर काय होतं ते लिहीत नाही. मी ओरडत राहिले. माझ्याजवळ बसायला बायका भ्यायला लागल्या. यांनी आईलाही खरं सांगितलं नाही. सासूबाईंना वाटतंय, सुनेला खरंच धरलंय. बिचाऱ्या रोज माझ्यावरून लिंबू उतरवतात आणि रडतात.

दादा, पहिल्या दिवशी मी काऊन ओरडले, हे तुम्ही कार्डात विचारलं नाहीत. विचाराल असं वाटलं होतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी न विचारता सुशिलाबाईंकडे हळदीकुंकवाला गेले. तेव्हापासून हे तंबूवर निघाले की मला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावतात. मी आतून दाराकडे बघत बसते. सासूबाई पुढच्या खोलीत असतात, पण लेकानं लावलेली कडी त्या काढत नाहीत. त्या पेपरवाल्याला सांगायला हवं, बंद दाराला भिणारा प्रेक्षक जन्मून जुना झाला. माझ्या घरातली दुपार मी पडद्यावर बघितली आणि लोक म्हणत होते, यात भिण्यासारखं काय आहे! तुमच्याकडे आले तेव्हा हे कधी बोलले नाही. वडील गेल्यावर तुम्हीच हे लग्न जमवलंत, तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून.

परवा तंबू खच्चून भरला होता. दार आलं. सगळ्या बायका पडदा सोडून माझ्याकडे बघत होत्या. मला एकाएकी स्वतःची किळस आली. मी ओरडले नाही. उभी राहिले आणि साफ सांगितलं, "माझ्या अंगात कोणी नाही. हा माणूस मला बाहेरून कडी लावतो, म्हणून मी ओरडले."

वाटलं, आता तरी कोणी बाई म्हणेल, अगं बाई, असं का! पण सुशिलाबाईंनी हात जोडले. "बोललं! बोललं!" सासूबाई माझ्या पायांवर पडल्या. "माय, कोन तू? कायले धरलंस माह्या सुनेले? काय पायजे तुले, माग!"

मी खरं बोलले, ते भुताचं बोलणं ठरलं.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. अंगातलं बोललं की त्याला विचारतात आणि ते मागेल ते देतात. आपल्या गावच्या कवडूच्या मावशीनं कोंबडं आणि हिरवा चुडा मागितला होता, अख्खं गाव शिवेपर्यंत पोचवायला गेलं होतं. शब्द देऊन फिरवला तर ते घरावर बसतं. खोटं बोलणं जिवावर आलं, पण देवकाला लग्नाच्या सहा वर्षांत कोणी काय पाहिजे म्हणून विचारलं नव्हतं. भुताला विचारत होते. मी आवाज बदलला.

"इले माहेरी धाडा. अन् मी इच्यात आहो तवरिक परत न्याले कोणी यायचं नाही."

हे धावत आले, आईच्या कानाशी लागले, "नाटक करून राहिली ते! माह्याच सांगण्यावरून करते!" मी ऐकलं. सासूबाई लेकाकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "चुन्नी, नाटक आहे का मंग? सांग सगळ्याइले!"

कनातीपलीकडे सगळा तंबू कान देऊन होता. नाटक म्हटलं असतं तर लोकांनी तंबूचे बांबू उपटले असते. हे घाम पुसत राहिले. मग म्हणाले, "हौ. जाईल."

गुरुवारी सासूबाई मला चांद्याच्या छोट्या गाडीत बसवणार आहेत. कडी काढलीय, माझ्याजवळ यायला कोणी धजत नाही, म्हणून भर दुपारी चुलीपाशी बसून हे लिहिते आहे. सुशिलाबाई टपालात टाकतील; माझ्या हाताला न शिवता त्यांनी कागद पदरात धरून घेतला म्हणजे झालं.

तुम्ही अर्जुनीच्या स्टेशनावर या. निर्मलासाठी मला वाईट वाटतं. कोहमाऱ्याच्या लोकांना खुशाल सांगा, जे आहे ते थोरलीकडे आहे, धाकटीच्या वाट्याला काही नाही. तरी त्यांनी नाही म्हटलं, तर तिला माझ्याजवळ पाठवा, मी तिची माफी मागेन. पण मी परत जाणार नाही. तुम्ही स्टेशनावर आला नाहीत तर गाडी पुढं जाते, आणि मीही तिच्यातच बसून राहीन. कुठवर, ते मला माहीत नाही.

एक मात्र समजून घ्या. देवका बरी झाली असं तुम्ही कौतुकानं कोणाला बोललात की हे दुसऱ्या दिवशी मला न्यायला येतील. बऱ्या बायकोला माहेरी कोण राहू देतं? भूत आहे तोवर मी तुमच्याकडे आहे. म्हणून वहिनीलाही सांगून ठेवा. चारचौघांत मला भ्या, मी आले की बाजूला सरा, लिंबू उतरवा. घरात येऊन दार लावलं की मात्र भिऊ नका, दादा.

तुमचीच, आणि अंगात दुसरं कोणी नसलेली,
देवका