बहात्तर नंबर उठेपर्यंत

ट्रॉय, मिशिगन
एप्रिलचा दुसरा आठवडा

प्रिय ईशान,

हाताने लिहिलेलं मराठी पत्र पाहून आधी घाबरशील आणि मग वैतागशील. तुझ्या मराठी वाचनाचा वेग मला ठाऊक आहे. रविवारच्या मराठी शाळेत तुझा एक धडा वाचून होईपर्यंत बाकीची मुलं समोसे खाऊन मोकळी व्हायची. पण म्हणूनच मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तू वरवर डोळे फिरवून मला एक अंगठा पाठवला असतास. हे तुला अक्षर लावत लावत वाचावं लागेल आणि तेवढा वेळ तू माझ्यापाशी बसशील. फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. तुझा फोन आला की तुझे बाबा स्पीकर लावतात, खेळाचं सगळं तुम्हा दोघा बापलेकांत बोलून होतं आणि माझ्या वाट्याला 'जेवलास का' एवढंच उरतं.

घरात सध्या दुसरा विषय नाही. फ्लोरिडाची टीम तुला अजून एक वर्ष ठेवायला तयार आहे. मानेच्या दोन डॉक्टरांपैकी एक म्हणतो खेळायला हरकत नाही, दुसरा म्हणतो आता थांबलेलं बरं, आणि या महिनाअखेर तुला काय ते सांगायचं आहे. बाबांनी तुझ्या वतीने कधीच सांगून टाकलंय. मंदिरात, ऑफिसात, अगदी आपला रस्ता साफ करायला येतो त्या माणसालासुद्धा, की ईशानचं हे नववं वर्ष. लतिका मावशीने फ्लोरिडाच्या विमानांच्या वेळा बघायला घेतल्या. मी अजून तोंड उघडलेलं नाही. मला तुमच्या या अमेरिकन फुटबॉलमधलं काही कळत नाही असं सगळ्यांनी पूर्वीच ठरवून टाकलं आणि खरं सांगू का, मलाही ते सोयीचं पडलं. न कळणाऱ्या माणसाला कुणी मत विचारत नाही.

पण आठवतं मात्र सगळं. आज महाराष्ट्र मंडळाच्या जेवणासाठी बेसमेंटमधून मोठं पातेलं वर आणलं आणि पायरीवरच बसून राहिले. तू लहानपणापासून दांडगा. गणेशोत्सवातल्या नाटकात दरवर्षी तुला कुंभकर्ण करायचे. एका वर्षी तू हट्ट धरलास की मला लक्ष्मण व्हायचंय, तर नाटक बसवणाऱ्या त्र्यंबक काकांनी तुझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कुंभकर्णाच्याच मिशा तुझ्या हातात ठेवल्या. घरी येऊन तू गाडीतून उतरलाच नाहीस. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. माझ्या मुलाचं अंग म्हणजे लोकांना हसायची सोय, असं वाटायचं. मग हायस्कूलच्या पहिल्याच आठवड्यात फुटबॉलचे कोच मिस्टर डॉसन यांनी तुला कॉरिडॉरमध्ये पाहिलं आणि घरी फोन केला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तुझ्या आकाराबद्दल आनंदाने बोलत होतं. बाबा आधी नाहीच म्हणाले. मोटार कंपनीत गाड्यांचे बंपर धडकवून बघण्यात त्यांची हयात गेली, धडक म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार. पण एका शुक्रवारी ते मॅच बघून आले आणि माणूसच बदलला. रात्रीच्या जेवणाला पोळीचे तुकडे मांडून मला समजावत होते की हे पाच जण, त्यात आपला ईशान, म्हणजे टीमची लाइन, जणू कबड्डीतली साखळी, यांनी हात सोडायचा नाही, समोरून येणाऱ्याला अडवायचं, म्हणजे मागचा चेंडू फेकणारा सुखरूप राहतो. मी विचारलं होतं की मग आपला ईशान चेंडू कधी फेकणार. ते म्हणाले, कधीच नाही. चेंडूला हातसुद्धा लावायचा नाही. मला तो खेळ तेव्हा फारच अन्यायाचा वाटला.

मग आले ते गुरुवार. तुमच्या साखळीतल्या पाचांनी मॅचच्या आदल्या दिवशी कुणा एकाच्या घरी मिळून जेवायचं अशी तुमच्याकडची रीत, आणि मॅच शुक्रवारी. आपली पाळी आली तेव्हा तू मला आदल्या संध्याकाळी सांगितलंस. गुरुवारी माझा उपवास, घरात कांदा-लसूण शिजत नाही, आणि दारात हे पाच हत्ती. त्या पाचांतल्या मार्कसच्या आईने म्हणे आदल्या आठवड्यात अर्धा बैल भाजला होता. मी याच पातेल्यात साबुदाण्याची खिचडी केली, वर भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. मनात म्हटलं, पोरं उपाशी जाणार आणि माझ्या मुलाचं नाक कापलं जाणार. तर पातेलं खरवडून खाल्लं त्यांनी. दुसऱ्या दिवशी जिंकलात. झालं, मिस्टर डॉसननी फर्मान काढलं की सीझन संपेपर्यंत लाइनचं जेवण मिसेस साठेंकडे. उपवासाचं खाऊन मुलं वजन वाढवतायत हे मी सांगलीला आजीला कळवलं तर ती म्हणाली, मालिनी, हे देवाला चालतं का ते गुरुजींना विचारून घे. मी काही विचारलं नाही. मार्कस अजून ख्रिसमसला फोन करतो आणि खिचडीचं नाव बरोबर घेतो, तुझ्या काही मावसभावांपेक्षा चांगलं.

ओहायोच्या कॉलेजात गेलास आणि तिथल्या कोचने तुझं वजन आणखी वाढवायला सांगितलं. मी बाळंतिणीला देतात ते डिंकाचे लाडू करून पाठवायला लागले. तुमच्या लाइनीतल्या सगळ्यांनी ते खाल्ले हे तू मला नंतर सांगितलंस, आणि ते लाडू मुळात कुणासाठी असतात हे मी तुला आज सांगतेय. ती पहिली मोठी मॅच आठवते का? मंडळाने दोन व्हॅन केल्या होत्या. आम्ही सगळे फेटे बांधून वरच्या रांगेत. दोन तास झाले तरी तुझं नाव नाही, नंबर नाही, कुणी तुझा उल्लेखच करेना. लतिका मावशी तर म्हणाली की मुलगा आत आहे ना नक्की. आणि मग पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातल्या पंचांनी माइकवर सबंध स्टेडियमला ऐकू जाईल असं म्हटलं, नंबर सेव्हन्टी-टू. आपली सगळी रांग उठून उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या, त्र्यंबक काकांनी मोरयाचा गजर केला. आजूबाजूचे गोरे लोक आमच्याकडे बघतच राहिले, कारण तू समोरच्याला धरून ठेवलं होतंस, त्याबद्दल तुला दंड झाला होता आणि तुझ्याच टीमला मागे जावं लागलं होतं. खाली मैदानात तू मान खाली घालून उभा आणि वर आमचा जल्लोष. तुझ्या बाबांना सगळं कळत होतं, पण तेही उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी विचारलं तर म्हणाले, एवढी माणसं पोरासाठी उभी राहिली, आता खाली कसं बसवू. नंतर मला कळलं की लाइनवाल्याचं नाव चुकलं तरच घेतात. नाव न घेता गेलेला दिवस हा त्याचा चांगला दिवस. त्यानंतर तुझं नाव आलं नाही की मी मनातल्या मनात देवाचे आभार मानायचे.

आणि ते ड्राफ्टचे, म्हणजे मोठ्या टीम कॉलेजातली मुलं निवडून घेतात ते, तीन दिवस. तुझी निवड टीव्हीवर बघायला निम्मं मंडळ आपल्या दिवाणखान्यात. पहिल्या दिवशी सगळे नटूनथटून आले होते, तिसऱ्या दिवशी लोक हळूहळू आपापल्या चपला शोधायला लागले. नावं संपली आणि तुझं आलंच नाही. तू शांतपणे उठून सगळ्यांना कोट आणून देत होतास, ते मला बघवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. तेवढ्यात तुझा एजंट जय, त्याचा फोन. फ्लोरिडाच्या टीमने उन्हाळ्याच्या कॅम्पला बोलावलं होतं, टिकलास तर टिकलास. तू स्वयंपाकघरात आलास आणि टॉवेल घेऊन भांडी पुसायला लागलास. शेवटचं भांडं पुसून झाल्यावर मला सांगितलंस. बाबांना त्यानंतर. हे मी आजवर त्यांना कळू दिलेलं नाही.

टिकलास. एकदा काढलं, परत बोलावलं, दोन वर्षं राखीव बसलास, आणि तिसऱ्या वर्षी साखळीतला डाव्या बाजूचा गार्ड जायबंदी झाला तेव्हा आत गेलास तो आजवर. लतिका मावशी तुझ्यासाठी स्थळं आणायची, मुलींच्या आया नोकरी वाचून खूश व्हायच्या आणि वजन वाचून पुन्हा चष्मा लावायच्या. मला गंमत वाटायची. अभिमान तर इतका, की इंडियन स्टोअरमध्ये भाजी घेताना कुणी विचारलं तर मी मुद्दाम मेथी निवडत राहायचे, म्हणजे त्यांना सगळं विचारायला वेळ मिळावा.

पण एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. इतक्या मॅच पाहिल्या, मी चेंडू कधी पाहिला नाही. चेंडू कुठे गेला, कुणी पकडला, मला काही माहीत नसतं. सगळे तिकडे बघून ओरडत असतात तेव्हा मी मागे राहिलेल्या माणसांच्या त्या ढिगाऱ्याकडे बघत असते. एकेक जण उठतो. बहात्तर नंबर उठेपर्यंत माझा श्वास छातीत असतो. तो उठला, हेल्मेट सारखं केलं, की सोडायचा. पुन्हा रांग लागते, पुन्हा तेच. बाबांना वाटतं मी मॅचमध्ये रंगून जाते. दोन वर्षांपूर्वी तू उठलास, पण डावा हात लोंबत होता. तू तो दुसऱ्या हाताने धरून चालत बाहेर आलास, आणि टीव्हीवर त्याच वेळी आपल्या टीमला गुण मिळाले म्हणून दाखवत होते. नंतर फोनवर म्हणालास की मानेपासून हातापर्यंत नुसता करंट लागल्यासारखं झालं, असं होतंच असतं. त्यानंतर ते किती वेळा झालं हे तू सांगत नाहीस आणि मी विचारत नाही.

पाडव्याला घरी आला होतास. बाहेर डेकवर थंडी मी म्हणत होती. दरवर्षी गुढी तूच बांधतोस, तुला स्टूल लागत नाही. यंदा मी तांब्या आणि साडी हातात देऊन आत आले आणि खिडकीतून पाहिलं. तू वर बघायचा प्रयत्न केलास. मान वर जाईना. मग तू गुढीची काठी आडवी केलीस, खाली बसून सगळं बांधलंस आणि मग ती उभी केलीस. बाहेरून कुणाला काही कळलं नसतं, आणि बाबा आले तेव्हा ते म्हणाले की वा, या वेळी किती नीट बांधली. जेवताना मी डाव्या बाजूने हाक मारली तर तू सबंध खुर्चीसकट वळलास. झोपायला वर तुझ्या खोलीत गेला नाहीस, खाली आरामखुर्चीत बसूनच झोपलास. टीव्ही बघता बघता डोळा लागला म्हणालास. टीव्ही बंद होता, ईशान.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. गेल्या रविवारी फोन चालू असताना बेल वाजली, बाबा दार उघडायला गेले, आणि तेवढ्यात तू हळूच विचारलंस की आई, तुला काय वाटतं, मी काय करू. फुटबॉल घेतलंस तेव्हा मला विचारलं नव्हतंस. ओहायोला जाताना नाही, फ्लोरिडाला जाताना नाही. तू ठरवून यायचास आणि सांगायचास. ज्याला खेळायचं असतं तो आईला विचारत नाही रे. मी विचार करून सांगते म्हटलं, कारण बाबा परत येत होते. विचार करायला काही नव्हतं. तर ऐक, थांब आता. पुरे झालं. तुला हे स्वतःच्या तोंडाने म्हणवत नाही हे मला कळतं, शेजारच्याला उघडं टाकून साखळीतून बाजूला व्हायचं नाही हेच तर लहानपणापासून शिकलास. मग तू म्हणूच नकोस. कोचला सांग, जयला सांग, मार्कसला सांग, की माझी आई नाही म्हणतेय आणि तिच्यापुढे माझं काही चालत नाही. इंडियन आई म्हणून हसतील, हसू देत. बाबांना मी आज जेवणाआधी सांगणार आहे. चार दिवस माझ्याशी बोलणार नाहीत, मग बोलतील. चिडतील ते माझ्यावर चिडतील, मंडळाने नावं ठेवली तर मला ठेवतील, यायचं ते सगळं माझ्या अंगावर येऊ दे. तू एकदा तरी कुणाच्यातरी मागे उभा राहा.

तुझीच, आणि या बाबतीत कुणाचंही न ऐकणारी,
आई