माय, तुझी खोटी शपथ

प्रिय माय,

तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. रडायचं तेवढं रडून झालं आणि आता मला तुझा राग यायला लागलाय, म्हणून हे पत्र. तुला वाचता येत नव्हतं. बार्शीला मामाकडं राहून मी अक्षरं शिकले, तेव्हा तूच म्हणाली होतीस, "आता माझ्या वाटचंबी तूच लिव्ह." तर घे!

शेवटच्या तापात तू माझा हात धरून विचारलंस, "गोदे, नरकात तेलाच्या कढईत किती दिस ठिवत्यात गं?" मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस! तू डोळे मिटून घेतलेस. माय, तेव्हा मला धड उत्तर का देता आलं नाही? तू भीत भीत गेलीस, हे मला सोसवत नाही.

गेल्या वर्षी निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मी तुझ्याकडं बाळंतीण होते. आधीच्या जुलमाचा सूड म्हणून आपल्याच गावची माणसं मुसलमानांची घरं हुडकत फिरत होती. माझ्या बाळाच्या गादीचा कापूस जिनं पिंजून दिला, ती हुसेनबी दोन पोरींना घेऊन मागच्या दारानं आत आली. तू एक शब्द विचारला नाहीस. तिघींना माझ्या बाजेमागं बसवलंस, वर वाकळा टाकल्यास आणि शेगडीत ओवा टाकून खोलीभर धूर केलास. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष पाय ठेवत नाही, हे तुला बरोबर ठाऊक!

ते आले. खोलीत शिरले नाहीत, पण त्यांच्या म्होरक्यानं शपथेसाठी भैरवनाथाच्या बेलभंडाऱ्याचं ताट तुझ्यापुढं धरलं. "उचला काकू. आन् सांगा, आत कोन हाय?"

बाजेवरून मला तुझी पाठ तेवढी दिसत होती. तू बेलभंडारा उचललास. "लेक हाय आन् तिचं लेकरू. दुसरं कुणी असंल तर नाथ बघून घील."

ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी कडब्याच्या गाडीतून तिघी बार्शीला सुखरूप पोचल्या. आणि तू मात्र त्या दिवसापासून देवाची गुन्हेगार झालीस! त्यात कीर्तनकारबुवांनी सांगितलं, देवाची खोटी शपथ घेणारा चंद्र-सूर्य असेतोवर नरकात पडतो. झालं! चैत्रात माझ्याबरोबर सोनारीला भैरवनाथाच्या जत्रेला आलीस ती देवळाबाहेर लिंबाखाली बसलीस आणि माकडांना फुटाणे टाकत राहिलीस. अगं, माकडं खुशाल आत जाऊन येत होती आणि तू बाहेर! मी हाताला धरून ओढलं तर म्हणालीस, "कोन्या तोंडानं जाऊ?"

तुला आठवतं, त्याच लिंबाखाली मी त्या म्होरक्याला शिव्या घातल्या होत्या? म्हटलं होतं, हा मेला कायमचा जळत राहू दे. तर तू माझ्यावरच डाफरलीस. "तसं बोलू न्हाय. केल्यालं भोगू दे की, पर कवातरी सुटंल का न्हाय? देव काय त्येच्यावानी हाय व्हय?"

मग? हे तुला स्वतःसाठी का नाही सुचलं? ज्यानं लेकराबाळांवर हात उगारला त्याला सुटका, आणि जिनं ती वाचवली तिला मात्र कढई? हा कुठला न्याय गं! शिक्षा नको असं मी म्हणत नाही. मलाही तू चुलीपुढच्या फुंकणीनं बडवलंयस. पण भाकरी भाजेपर्यंतच आपण जाळावर ठेवतो. तिथंच राहिली तर ती कोळसा होते, आणि मग चूक भाकरीची नसते, करणारीची असते. आपला नाथ एवढा बिनध्यानाचा आहे होय?

काल हुसेनबी आली. तुझी बातमी तिला उशिरा कळली. उंबऱ्यात बसून खूप रडली. तुझी कढईची भीती मी तिला सांगितली, तर पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मलाबी तीच काळजी बघ. आमच्यात सांगत्यात, दुसऱ्या धर्माच्या मानसाला जन्नतमधी जागा न्हाय. म्या नमाजात अल्लाला सांगून टाकलंय, माझ्या अक्काला भायेर ठिवनार असशील तर मलाबी भायेरच राहू दे. तिला सोडून म्या जायाची न्हाय."

मी विचारलं, "मग काय म्हणाला अल्ला?"

"काय म्हनंल? त्यानंच तर ही माया माझ्यात घातली. त्याच्यापाशी माझ्याहून कमी असंल व्हय?"

माय, तेव्हा मला तुझ्या कढईच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. सोळा दिवसांत काल पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

आता माझा शब्द ऐक. येत्या चैत्रात मी हुसेनबीला आणि तिच्या पोरींना घेऊन सोनारीला जाणार आहे. त्या थांबतील लिंबाखाली, मी आत जाईन आणि नाथाला मोठ्यानं सांगेन की माझी माय खोटं बोलली, खोलीत आणखी तिघी होत्या, आणि त्या तिघी बाहेर उभ्या आहेत, बघून घे. काय तो न्याय त्यांच्या तोंडाकडं बघून कर म्हणेन.

तोवर तुला चुकून त्या कढईकडं नेलंच असेल, तर तिथं बिऱ्हाड मांडून बसू नकोस. इकडून आम्ही दोघी बोलतोय, तुझ्या देवाशी मी आणि तिच्या देवाशी ती.

तुझीच,
गोदी