पुढच्याला ओलांडायची परवानगी

धुळे, ता. १४ डिसेंबर १९३७

तीर्थरूप आबांच्या पायांवर चुडामणचा माथा.

बोर्डिंगात जेवण पोटभर मिळते. खोकलाही गेला, आईला सांगावे.

पण शनिवारच्या शर्यतीने डोके फिरवले आहे. मैदानाला चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीपासून मी इथल्या एका वकिलांच्या मुलाच्या पाठोपाठ होतो. तो धापा टाकत होता, मला घामसुद्धा नव्हता. तरी शेवटपर्यंत मी त्याच्या मागेच राहिलो आणि दुसरा आलो!

ड्रिलमास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "ईर्षा उपजत असावी लागते. ह्याच्या रक्तातच नाही."

कपाळ माझे! आपल्या रक्तात ईर्षा नाही? काकांनी नवी बैलजोडी आणली तेव्हा तुम्हाला आठ दिवस जेवण गेले नव्हते. राग मानू नका, पण खरे आहे.

मग आठवले. बागेतून केळीचे घड खांद्यावर घेऊन आम्ही एकामागे एक निघायचो. मी जरा पुढे घुसलो की तुम्ही मागून ओरडायचात, "पुढच्याले वलांडू नको, घड काया पडीन!" घडाला घड घासला की केळी काळी पडायची. इतकी वर्षे तेच ऐकले. आता खांद्यावर घड नाही, तरी पाय ऐकत नाहीत. आणि मास्तर ह्याला उपजत म्हणतात!

आईचा गुडघा कसा आहे? खरे तेच लिहा.

येत्या शनिवारी पुन्हा धावायचे आहे. पुढच्याला ओलांडायला हरकत नाही, एवढी एक ओळ तुमच्या हातची उलट टपाली पाठवा. मला ते कळते हो. पायांना वाचून दाखवायचे आहे.

तुमच्या धाकातलाच,
चुडामण