दोन चमचे सांगावे

प्रिय बाबा,

तुम्ही भिंतीपलीकडे बातम्या लावून बसला आहात आणि मी इकडे तुम्हाला पत्र लिहिते आहे, हे विचित्र वाटेल. पण समोर बसले की माझं निम्मं बोलणं घशातच राहतं, हे तुम्हाला माहीत आहे. कागदावर निदान खोडता येतं. हे पत्र मी तीनदा खोडून लिहिलं आहे.

विमानतळावरून घरी येताना तुम्ही विचारलंत, लिस्बनला नीट जेवलीस ना? मी नुसतं हो म्हटलं. खरंच नीट जेवले, आणि तेही तुमच्या निळ्या डायरीमुळे. ऑफिसच्या कामासाठी निघाले त्या सकाळी तुम्ही ती माझ्या पर्समध्ये ठेवलीत. २०१४ साली इथल्या, आखातातल्या तुमच्या हमरियाच्या कंपनीने तुम्हाला तिथल्या प्रदर्शनाला पाठवलं होतं, तेव्हाची. उगाच पैसे उधळू नकोस, सगळं लिहिलेलं आहे, म्हणालात. शिवाय दिवाळीनंतर तुम्ही आणि आई तिथे जाणार, तुमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मी दिलेली ही भेट. तेव्हा ती जेवणघरं अजून आहेत का, तेही मी बघून यायचं होतं.

बहुतेक सगळी आहेत. शाळेत जाण्याआधी मी बेरीज शिकले ती इथल्या रोल्ला बाजारातल्या हॉटेलांच्या दारात, तुमचं बोट धरून. मेनू आधी बाहेर उभं राहून वाचायचा, बेरीज करायची, आणि मगच आत पाऊल टाकायचं. लिस्बनमध्येही मी तसंच केलं. तुम्ही लिहिलं होतं की बसल्याबरोबर पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवतात, ते फुकट नसतं, नको असेल तर हात लावू नये. मी हात लावला नाही. दुपारचं जेवण रात्रीपेक्षा स्वस्त पडतं, नदीकडच्या मोठ्या रस्त्यावर बसू नये, दोन गल्ल्या वर चढून जावं. अर्धी प्लेट मागता येते, ती एकाला पुरते. शब्दन् शब्द खरा निघाला. माझ्यासोबत ऑफिसातली जोआना होती, वसईची. ती म्हणाली, तुझे बाबा म्हणजे चालतंबोलतं बजेट आहेत. मला अभिमान वाटला, बाबा.

मग तिनेच एक ओळ मोठ्याने वाचली. ‘सूप एकच मागवावे, दोन चमचे सांगावे.’ आणि हसत म्हणाली, “हा दुसरा चमचा कुणाचा गं?”

मी म्हटलं, असेल कुणी प्रदर्शनातला ओळखीचा. स्वतःलाही तेच सांगितलं. तुम्ही एकटेच गेला होतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्यानंतर मी ती डायरी नुसती जेवणघरं शोधण्यासाठी वाचली नाही. रात्री खोलीवर, पहिल्या पानापासून वाचली. ‘एक मासा, एक ऑम्लेट.’ ‘सूपात सॉसेज नको म्हणून आधी सांगावे.’ तुम्ही तर माशाशिवाय जेवायला बसत नाही. अंडं चालतं पण मासा समोर आला तरी नाकाला पदर लावते, अशी आपल्या ओळखीत एकच बाई आहे. तरीही मी तिचं नाव मनात येऊ दिलं नाही. वाटलं, आपलं मनच घाणेरडं आहे. मग चौथ्या दिवसाचं पान आलं. ‘सकाळी मेथीचे लाडू, कॉफी. नाश्त्याचा खर्च वाचला.’

ते लाडू मला आठवतात, बाबा. मी चौदा वर्षांची होते. खालच्या मजल्यावरची सत्यभामामावशी, आईची मैत्रीण, त्याच आठवड्यात सांगलीला जायला निघाली होती, तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून. आईने त्या म्हातारीसाठी एकवीस लाडू बांधले. माझ्याकडून बदाम सोलून घेतले. तुम्ही एक मागितलात तर तुमच्या हातावर चापट मारली, आजारी माणसाचं आहे म्हणून. तुमच्या बॅगेत तिने फक्त चिवडा भरला होता. आणि ते नऊ दिवस आई रोज सकाळी मावशीच्या नवऱ्यासाठी, विजयकुमारकाकांसाठी डबा करून खालच्या मजल्यावर पोचवत होती, मावशी नाही तर त्यांचे हाल नकोत म्हणून.

तुम्हाला खोटं बोलता येतं, बाबा. लिहिता मात्र येत नाही. लाडवांमुळे वाचलेला नाश्तासुद्धा तुम्ही नोंदवल्याशिवाय राहिला नाहीत.

मला सर्वांत जास्त काय लागलं, सांगू? त्या वर्षापासून आई जेव्हा जेव्हा म्हणाली की एकदा युरोप बघू या, तेव्हा तुम्ही तिला ऐकवलंत, तिकडे साधं पाणी बारा दिरहम, म्हणजे जवळजवळ तीनशे रुपये, आपल्यासारख्यांचं काम नाही ते. मी तुमच्या बाजूने बोलायचे. आईला हिशोब समजावून सांगायचे. आणि डायरीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘नळाचे पाणी मागितल्यास मोफत देतात.’

तरीही मी परत येईपर्यंत शंकेला जागा ठेवली होती. शनिवारी मावशी आली, नेहमीसारखी न सांगता. आई चहा गाळत होती. मावशीने माझे फोटो पाहिले आणि म्हणाली, “चढ फार ना गं तिकडे? गुडघे जातात नुसते.” मग आईच्या पाठीकडे बघून हळूच म्हणाली, “म्हणजे, ऐकलंय.” आईने तिच्या चहात आठवणीने साखर कमी घातली. तुम्ही वर्तमानपत्राचं पान उलटलंत. मी बेसिनपाशी जाऊन उगाच कप विसळत राहिले.

आईने चालायचे बूट घेतलेत. घरातल्या घरात ते घालून हॉलमध्ये फेऱ्या मारते. काल तिने मला तुमची डायरी मागितली, कुठे काय खायचं ते तिला आधीच स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवायचंय. बॅगेत आहे, शोधून देते, म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला टाळलं, आणि रात्रभर मला झोप लागली नाही. दुसऱ्यांदा ते मला जमणार नाही. म्हणून हे पत्र मी त्याच डायरीत ठेवून, डायरी तुमच्या उशाशी ठेवते आहे. ती आईच्या हातात मी देणार नाही, तुम्ही द्या, आणि देण्याआधी तिला सगळं सांगा. रविवारपर्यंत. त्यानंतर तिने मला विचारलं तर मी खरं सांगेन. एका तिकिटावर आईचं नाव घातलंय, दुसरं अजून काढलेलं नाही. सोबत कोण येणार, हे आता तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही, ती ठरवेल. माझं नाव घेतलं, तर मी तिला नदीकाठच्या त्या मोठ्या रस्त्यावरच बसवणार आहे, मेनू बाहेर न वाचता. पाव येईल, ऑलिव्ह येतील, ती हात लावेल. आणि सूप दोन मागवेन.

तुमचीच,
ईश्वरी