थाटाच्या रात्री वरच्या डेकवर

जहाजावरून
१२ जानेवारी १९९८

ती. इओनमावशीस,
वेरलिनचा सा. न. वि. वि.

उद्या मंगळवार. जहाज किंग्सटाउनच्या धक्क्याला लागलं की हे पत्र केटोच्या हातात देईन. त्याची व्हॅन लेयूला पोचेपर्यंत तो ते वाचणार नाही, अशी आशा करू. जहाज पाचच तास थांबतं आणि माझी दुपारची पाळी असते, त्यामुळे फाटकापर्यंत धावत येऊन धावत परत जायचं, एवढंच जमतं. समोर आपला डोंगर दिसतो, डोंगरापलीकडे तू, आणि मी काटे-चमचे पुसतेय. ऑक्टोबरपासून तुझं तोंड पाहिलेलं नाही.

मावशी, मला वर पाठवलंय. म्हणजे बढती नव्हे, वरच्या डेकवर. आठवड्यात दोन थाटाच्या रात्री असतात, रविवारची आणि शुक्रवारची. त्या रात्री खालच्या मोठ्या दालनात पुरुषांना काळा कोट आणि गळ्यात बो-टाय, बायकांना पायघोळ झगा असल्याशिवाय आत घेत नाहीत. तीन वर्षं मी तिथे वाढलं. आता नवी टूम निघालीय. ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी वर, पोहण्याच्या तलावाशेजारी, साधं जेवण. सपाता घालून या, आपलं ताट आपण भरून घ्या. आमचा हेडवेटर सिन्योर बर्तोली म्हणाला की तिथे अनुभवी माणूस हवं. सगळं खोटं. गेल्या महिन्यात एका साहेबांचा बो सुटून सूपमध्ये पडला आणि मी हसले, त्याचं हे बक्षीस.

काल पहिली रात्र. दोनशे खुर्च्या आणि अकरा माणसं. खालून बँडचे सूर येत होते. आमचा वरचा स्वयंपाकी रेनाल्दो होंडुरासचा आहे. तव्यावरचं मांस उलथताना तो म्हणाला की, लग्नघरी चपला राखायला बसवतात ना, तसं आपल्याला बसवलंय.

कळावे. लोभ आहे तेवढा असू दे, कमी मात्र करू नकोस.
तुझी,
वेरलिन


लेयू
१८ जानेवारी

चि. वेरलिनला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. केटोने ते वाचलं होतं, कारण बो पडल्याची गोष्ट मी पाकीट उघडायच्या आतच त्याने सांगितली.

अक्षर शेजारच्या सेल्माचं आहे. माझा चष्मा दुरुस्तीला गेलाय. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून हिला लोकांच्या पत्रांत नाक खुपसायला मिळत नाही, तेव्हा आनंदाने लिहायला बसली. हे वाक्य लिहायचंच का, असं तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, लिही.

तुझं रडगाणं पुरे. खालची माणसं मला ठाऊक आहेत. लग्नात काय, मयतीत काय, नटलेली माणसं सगळीकडे सारखीच. मला वरच्यांचं सांग. हौसेने जहाजावर यायचं आणि थाटाच्या रात्री तोंड चुकवायचं, हे कशासाठी? कोणाकडे कपडे नाहीत, कोणाला कंटाळा आलाय, कोणाचं भांडण झालंय? काय खातात? कोणाबरोबर बसतात, की पाठ करून बसतात? एकेकाला नीट बघून लिही. विचारू मात्र नकोस. विचारलं की माणूस सोयीचं तेवढंच सांगतो.

इकडे सगळं ठीक. चर्चचं वार्षिक जेवण झालं. मी गेले नाही. गुडघा.

मायेत खंड नसावा. दोन ओळी कमी लिही, पण वेळेवर लिही.
तुझी मावशी,
इओन


जहाजावरून
२६ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न.

गुडघ्याला जायफळाचं तेल चोळ. केटोजवळ बाटली देतेय.

तू सांगितलंस म्हणून मी बघायला लागले आणि आता मला बघण्याचं व्यसनच लागलंय. ऐक. एक लठ्ठ वकील येतो. रेनाल्दोला म्हणाला की तीस वर्षं गळ्यात टाय बांधला, आता समुद्रावर कोणी बांधायला लावला तर उडी मारीन. एका माणसाची बॅग विमानतळावरच राहिली. तो चार दिवस एकाच फुलाफुलांच्या शर्टात आहे, आणि जहाजावर सर्वांत खूश तोच. एक बाई जुळ्यांना घेऊन येते. जुळी टेबलाखाली जेवतात. एक नवं जोडपं आलं होतं. एकमेकांशी बोलत नव्हतं. शेवटी एकाच बशीतलं आइस्क्रीम खाऊन गेलं.

आणि एक आहे, तिचा मला पत्ता लागत नाही. मिसेस थर्लो. सत्तरीच्या आसपासची. हॅलिफॅक्सचा बर्फ चुकवायला ती आणि तिचा नवरा मार्चपर्यंत जहाजावरच राहणार आहेत. वर सगळे अर्ध्या चड्डीत, आणि ही निळ्या रेशमी झग्यात, गळ्यात मोती! दोघं नवराबायको जिन्यापर्यंत हातात हात घालून येतात. मग तो काळ्या कोटात खाली जातो आणि ही वर येते. खांबाआडच्या टेबलाशी समुद्राकडे तोंड करून बसते. एक पाव घेते, एक केळं घेते. बस्स. समोर भाजलेला मासा आहे, सूप आहे, पण बघत नाही. मी आणि रेनाल्दोने पैज लावलीय. तो म्हणतो, नवऱ्याची खाली कोणीतरी आहे. मी म्हणते, म्हातारी कंजूष आहे आणि झगा मिरवायला येते.

तुला काय वाटतं?

लोभ वाढवलास तर नको म्हणणार नाही.
वेरलिन


लेयू
१ फेब्रुवारी

चि. वेरलिनला आशीर्वाद.

पैज लावणाऱ्या दोघांचेही कान उपटायला हवेत.

पाव आणि केळं. जे सांडत नाही ते खाते ती. अगं, तिचे हात बघ. हात टेबलावर ठेवते की मांडीवर? पाण्याचा पेला उचलताना एक हात लावते की दोन? कोणी बघत नसतानाच उचलते का? बघ आणि मला लिही. पण तिला कळता कामा नये.

सेल्मा म्हणते, पत्र फार छोटं झालं. मी म्हटलं, पुष्कळ झालं.
इओन


जहाजावरून
९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू तीस मैलांवरून नाही, तीनशे मैलांवरून माणसं ओळखतेस.

हात मांडीवर असतात. पेला उचलत नाही, वाकून तोंड पेल्यापाशी नेते. मागच्या शुक्रवारी मी शहाणपणा केला. तिला आवडेल म्हणून भोपळ्याचं सूप न विचारता समोर ठेवलं. नको म्हणायला तिला संकोच वाटला असावा. तिने चमचा उचलला आणि मावशी, तो चमचा नाचायला लागला. अर्धं सूप निळ्या रेशमावर. मी पुसायला धावले, तर तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली की बस इथे, धावू नकोस, धावलीस की सगळे बघतात. मी बसले. नियमात बसत नाही, पण बसले.

मग तिने आपण होऊन सांगितलं. नवरा चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात रबरी बूट घालून उभा होता. काळा कोट त्याने लग्नातसुद्धा उसना घातला होता. निवृत्त झाल्यावर स्वतःचा शिवून घेतला, तो या रात्रींसाठी. पहिल्या रविवारी दोघं खाली गेली. हिच्या हातून रस्सा सांडला, तर शेजारच्या बाईने लेकराला बांधतात तसा हिच्या गळ्यात रुमाल बांधला. चांगुलपणानेच. हिला तो घास गिळवेना. नवरा म्हणाला, यापुढे मीही नाही जात. तेव्हा हिने त्याला बजावलं की तू गेला नाहीस तर मी पहिल्या विमानाने घरी जाईन. म्हणून तो जातो आणि टेबलावर सांगतो की बायकोला बोट लागते. पण मोती तोच घालतो तिच्या गळ्यात. तिला ते करता येत नाही.

मी तिला कंजूष म्हटलं होतं.

काही सुचव ना. थाटाच्या रात्री ती किती दिवस केळ्यावर काढील?
वेरलिन


लेयू
१५ फेब्रुवारी

चि. वेरलिनला अनेक आशीर्वाद.

लिहून घे. सेल्मा, तूही नीट लिही.

सूपला आरारूट लाव. दाट झालं की चमच्यातून उडी मारत नाही. तुमच्याकडे नसेल तर केटोजवळ आपल्याकडचं शेरभर पाठवतेय. पातळ सूप नकोच. बशीत देऊ नकोस, दोन कानांच्या कपात दे आणि निम्माच भर. संपला की पुन्हा निम्मा. चमचा जड हवा. हलका चमचा वैरी. ताटाखाली ओलं फडकं पसर, ताट पळत नाही. मासा आतच तोडून, काटे काढून आण, पण असा मांड की तोडलाय हे दिसू नये. कोपर टेबलाला टेकता येईल इतकी खुर्ची पुढे सरकव. आणि मदत करू नकोस. मदतीला टपून उभं राहिलेलं माणूस दिसलं की हात दुप्पट हलतो. दुसरीकडे बघ, रेनाल्दोशी भांड, काहीही कर.

गावात एक म्हातारी होती, तिचं बघून हे शिकले.

माया आहेच, ती लिहून दाखवायला नको.
इओन


जहाजावरून
२३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

आधी चांगलं सांगते. जेवली! सूप, मासा, तळलेलं केळं, सगळं. रेनाल्दोने आरारूट लावताना नाकं मुरडली, पण चाखल्यावर आणखी एक चमचा घेतला. दोन कानांचे कप खालच्या दालनात असतात, ते मी भटारखान्यातून तीन उचलून आणले. आम्ही दोघं ठरल्याप्रमाणे भांडत होतो. इतकं भांडलो की वकीलसाहेब समेट करायला आले.

तेवढ्यात मिस्टर थर्लो जिन्यावरून वर आला. खाली टेबलावर एक डॉक्टर आहे, तो बायकोला आल्याचा काढा द्या म्हणून मागे लागला होता. खोटं बोलून कंटाळलो, म्हणाला. खांबामागे थांबला. बायको कपातून सूप पीत होती, पाठमोरी. कप रिकामा होईपर्यंत तो जवळ गेला नाही. मग शेजारी बसला आणि काळा कोट, बो, सगळ्यासकट दोन हातांनी हॅम्बर्गर खाल्ला. दुसऱ्या थाटाच्या रात्रीही तो वरच आला. कोट घालूनच.

आता वाईट. बर्तोलीने कप ओळखले. मला मॅनेजरसमोर उभं केलं. न विचारता खालची भांडी नेली, पाहुण्यांच्या टेबलाशी बसले, असं सगळं वाचून दाखवलं. आता घरी पाठवतात, असंच मला वाटलं. हे मिसेस थर्लोला कसं कळलं, रेनाल्दो सांगत नाही. ती एकटी मॅनेजरकडे गेली आणि म्हणाली की मला तक्रारवहीत सही करायचीय. त्याने वही दिली. तिने त्याच्यासमोर सही केली. पाच मिनिटं लागली म्हणतात. पेन दोनदा पडलं, त्याला उचलू दिलं नाही. सही झाल्यावर एवढंच म्हणाली की आता या पेनाच्या जागी सूपचा चमचा आहे असं समजा, आणि भोवती आठ माणसं बघतायत असं समजा.

वर आता डझनभर कप आलेत. माझ्या नावावरची ताकीद मात्र तशीच आहे. बर्तोली म्हणाला, खाली यायचं असेल तर ये. मी म्हटलं, वरच बरी आहे.

आता तुझ्याबद्दल. मी केटोला विचारलं, मावशीचा चष्मा अजून दुरुस्त होतोय का. तो म्हणाला, चष्मा तर महिनोन्‌महिने तिच्या नाकावरच आहे. आणि गुडघ्याचं विचारलं तर म्हणाला, परवा ती डोंगर चढून शेळी घेऊन आली. मावशी, गावातली ती म्हातारी कोण? ओल्या फडक्याचं इतकं बारीक कोणी नुसतं बघून शिकत नाही. मी रागावलेली नाही. मला माहीत असायला हवं होतं, एवढंच.

मिसेस थर्लोला मी आरारूटवालीचं नाव सांगून टाकलंय. पुढच्या मंगळवारी, ३ मार्चला, दोघं केटोच्या व्हॅनने लेयूला येणार आहेत. त्यानंतर ती घरी जातील. दार लावून बसू नकोस. मला येता येत नाही, माझ्या वाटचं बघून ठेव.
वेरलिन


लेयू
४ मार्च

चि. वेरलिनला आशीर्वाद.

अक्षर माझं आहे. लावता आलं तर लाव.

ती म्हातारी मीच. दीड वर्ष झालं. डावा हात आधी, आता उजवाही. किंग्सटाउनच्या डॉक्टरने लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. तुला लिहिलं असतं तर तू नोकरी सोडून आली असतीस. चर्चच्या जेवणात पाद्रीबाईंच्या टेबलक्लॉथवर मी सरबत सांडलं होतं, तेव्हापासून गेले नाही. कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

काल ती आली. मला वाटलं होतं मडम येईल. साध्या सुती कपड्यात आली, सपाता घालून. नवऱ्याने मात्र काळा कोट चढवला होता, भर दुपारी! माझ्या शेळीने त्याची बाही चाटली. मी नीरफणस भाजला होता, मासा तळला होता आणि पालेभाजीचं दाट सूप केलं होतं. दोघी समोरासमोर बसलो. आधी तिने माझे हात बघितले, मी तिचे. ती म्हणाली की तुझा डावा माझ्या उजव्यापेक्षा जोरात हलतो. मी म्हटलं, मी बेटावरची, आमच्याकडे वारा जास्त. त्यावर ती इतकी हसली की तोंडातलं सूप हनुवटीवर आलं, आणि ते बघून माझ्या हातातला चमचा खाली पडला. कोणी उचलला नाही. तिचा नवरा आणि केटो नीरफणसाशी झटत होते. वेरलिन, किती दिवसांनी मी दुसऱ्या माणसासमोर पोटभर जेवले!

मग आम्ही एकमेकींना सगळं विचारलं. केस कसे विंचरतेस, सुईत दोरा कोण ओवतं, चर्चमध्ये मेणबत्ती पेटवतेस का, रात्री कूस बदलताना हात थांबतो का. तिचा थांबतो. माझाही थांबतो. हे मी कोणाला विचारणार होते?

निघायच्या वेळी समुद्राकडून वारा सुटला. तिने पातळ जाकीट अंगात घातलं. तीन बटणं. नवरा पुढे झाला, तिने त्याला मागे केलं. मला म्हणाली, तू लाव. केटो हॉर्न वाजवतोय, जहाज सुटायची वेळ झालेली. मी लावायला लागले, तिने कापड धरून ठेवलं. माझी बोटं चुकली की ती भोक पुढे आणायची, तिचा हात सरकला की मी थांबायची. पहिलं लागलं. दुसरं लागलं. तिसरं चुकीच्या भोकात गेलं. मी सोडवायला गेले तर ती म्हणाली, असू दे.

तशीच गेली ती. जहाजावर परत आली तेव्हा तुला दिसली असेल, एक बाजू वर, एक खाली.

मेमध्ये सुट्टी मिळाली तर ये. नाही मिळाली तरी माझी माया काही आटत नाही. तुझीही तशीच असू दे.
तुझी मावशी,
इओन